मुलांसोबत खोक्यांची खेळणी: कोण काय बनवतं, कसं बनवतं, इथे लिहा

तितूरकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी आली, तेव्हापासून घरात चार पोरं आहेत. माझ्या दोन मुली, नऊ आणि सहा वर्षांच्या. दोन भाचे, आठ आणि पाच वर्षांचे. सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेवता येत नाही एवढं ऊन. त्यात यंदा नवा कूलर घेतला, त्याचं मोठं खोकं ओसरीत पडून होतं.

माझं आजोळ पाचोऱ्याचं. लहानपणी पाचोरा-जामनेर गाडीने किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. अडीच फुटी रुळांवरची ती आपली पीजे लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. या मुलांनी ती पाहिलेलीच नाही. म्हणून ठरवलं की पुठ्ठ्याची पीजे करायची. चार रात्री जागलो. मुलं झोपली की बसायचो. चाकांमधलं अंतर 5 सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण पंधरावा हिस्सा. इंजिन, दोन डबे, खिडक्या, रंग, सगळं केलं.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी मुलांपुढे ठेवली. चौघं दहा मिनिटं खेळली. मी शेजारी बसून "हळू, हळू, चाक निघेल" म्हणत होतो. मग ती उठली आणि ओसरीत कूलरच्या खोक्यात जाऊन बसली. दुपारपर्यंत त्या खोक्याची पीजे झाली होती. धाकट्या भाच्याने बिस्किटाच्या पुड्याचे तुकडे करून तिकिटं केली. थोरली गार्ड झाली. मी फक्त स्टेशनांची नावं सांगितली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असा ओरडा संध्याकाळपर्यंत चालला. माझी गाडी कपाटावर आहे.

वाईट वाटलं, खोटं का सांगू. पण त्याहून जास्त विचारात पडलो. म्हणून हा धागा. मोठ्यांनी नेमकं किती करावं? आणि काही सरळ अडचणी आहेत: माझी चाकं डगमगतात, फेविकॉल पाण्यासारखा संपतो, आणि पाच ते नऊ अशा चार वयांच्या मुलांना एकत्र खेळता येईल असा कुठला घरगुती खेळ आहे का?

सावद्याची_केळी

भाऊ, खोक्यांची चिंता सोडा. आमच्याकडे केळीचं पॅकिंग चालतं. बाहेरदेशी जाणारा माल 13 किलोच्या खोक्यात भरतात. चांगला जाड, पाच पदरी पुठ्ठा असतो. उतरवताना कोपरा दबला की ते खोकं मालाला चालत नाही, ते आम्ही बाजूला टाकतो. रावेर, सावदा, फैजपूर भागात कुणी ओळखीचं असेल तर मागून बघा, पडलेलं खोकं कुणी नाही म्हणणार नाही. हवेसाठी गोल भोकं आधीच असतात. माझ्या पुतण्याने त्यांच्या खिडक्या करून एसटी केली होती. केळीच्या चिकाचे काळे डाग असतील तर ते निघत नाहीत, त्यावर सरळ कागद चिकटवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपण शेतकरी माणसं, घरात कपाशीवर फवारायच्या औषधांची खोकी येतात. ती दिसायला सुबक आणि मजबूत असतात, मुलांचा डोळा बरोबर त्यांच्यावर जातो. ती खेळायला कधीही देऊ नका. आत एखादी बाटली झिरपलेली असते, पुठ्ठा ते पिऊन घेतो, वरून कोरडा दिसतो. पाच वर्षांचं पोर पुठ्ठा तोंडात घालतंच. बियाण्याच्या पाकिटांचंही तसंच, त्या बियांना औषध चोळलेलं असतं. आमच्या घरी अशी खोकी त्याच दिवशी फाडून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी बाजूला करतात.

थप्पी (जळगाव)

मी खोकी बनवण्याच्या कारखान्यात चौदा वर्षं आहे. चाकं का डगमगतात ते सांगतो, पण आधी पुठ्ठा समजून घ्या, म्हणजे निम्म्या अडचणी सुटतील.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये लाटेसारखा वळवलेला एक कागद. याला आम्ही थ्री प्लाय म्हणतो. फाइव्ह प्लायमध्ये तीन सपाट, दोन लाटा. त्या लाटांच्या बारीक नळ्या होतात. खोक्याच्या भिंतीत त्या नळ्या उभ्या असतात, म्हणून एकावर एक दहा खोक्यांची थप्पी लावली तरी खालचं खोकं तग धरतं. मुलांना हे दाखवा. पुठ्ठ्याचा एक तुकडा नळ्या उभ्या ठेवून दाबायला सांगा, मग तोच आडवा करून. हाताला फरक कळतो, सांगावा लागत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात.

नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा सहज मोडतो, आडवा मोडला तर वाकडीतिकडी चुणी पडते. म्हणून आडवी घडी घालायची असेल तर आधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने किंवा चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढा. कापायचं नाही, फक्त दाबायचं. मग घडी जिथे पाहिजे तिथेच पडते.

चाक एका पदराचं करू नका. तीन चकत्या कापा आणि चिकटवताना मधली अशी फिरवा की तिच्या नळ्या बाकी दोघींच्या नळ्यांना आडव्या येतील. प्लायवूडमध्ये हेच करतात. मग चाक कुठूनच दबत नाही. वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

गोल भिंत पाहिजे असेल, म्हणजे विहीर, बुरूज, ढोल, तर पुठ्ठ्याचा एक बाजूचा सपाट कागद ओल्या फडक्याने भिजवा. दहा मिनिटांनी तो सोलून निघतो. उरलेला लाटांचा पुठ्ठा हवा तसा वळतो. सोलायचं काम मुलांना द्या, त्यांना ते फार आवडतं.

डगमगण्याचं कारण बहुतेक असं की तुम्ही आस पुठ्ठ्याच्या भोकात थेट फिरवलाय. भोक झिजून मोठं होतं. आसाला नळी पाहिजे. शीतपेयाची स्ट्रॉ गाडीच्या पोटाला चिकटवा आणि आस त्यातून फिरू द्या. चाक आसाला पक्कं, आस नळीत मोकळा.

आणि खोकं उघडताना कडेच्या पिना पकडीने काढून डबीत टाका. आमच्याकडे सगळ्यात जास्त बोटं त्या पिनांनीच फाटतात.

पपईचा_मळा (शहादा)

स्ट्रॉ कशाला, थप्पीभाऊ? पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. सावलीत वाळवला की हलकी, कडक नळी तयार. आमच्या भागात पपईच्या बागा एवढ्या आहेत की पोती भरून देठ मिळतात. आस म्हणून खराट्याची काडी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांकडे विकतची खेळणी जवळजवळ नाहीत, पण हातात कसब आहे. कडब्याच्या ताटाची बैलगाडी मी त्यांच्याकडूनच शिकले. ताट सोलायचं, वरची कडक साल म्हणजे खिळा, आतला मऊ गाभा म्हणजे लाकूड. सालीचा तुकडा गाभ्यात टोचला की जोड पक्का, डिंक नाही, दोरा नाही. आम्ही आता चाकं पुठ्ठ्याची आणि बाकी दमणी कडब्याची करतो. दादरचं (रब्बी ज्वारीचं) ताट जाड असतं, ते सगळ्यात चांगलं. चाकाला खिळ म्हणून बाभळीचा काटा, त्याचं टोक मात्र कापून घ्यायचं.

सारंगखेड्याची यात्रा झाली की वर्गात घोडे सुरू होतात. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, मुलं आईबापांसोबत जाऊन आलेली असतात. मग दोन खोकी घ्यायची, तळ आणि झाकण काढून टाकायचं, मुलाने मधे उभं राहायचं, खांद्यावरून सुतळीचे पट्टे. पुढे पुठ्ठ्याची मान, मागे सुतळी उसवून शेपूट. पाठीवरची झूल प्रत्येक जण वेगळी रंगवतो. पहिल्या वर्षी मी फळ्यावर घोड्याचं चित्र काढून दिलं होतं, तर बावीस घोडे एकसारखे आले. पुढच्या वर्षी चित्र काढलंच नाही. विचारलं, तुम्ही पाहिलेला घोडा कसा होता? एकीने नाचणारा केला, पुढचा एक पाय वर. एकाने घोडा आजारी होता म्हणून मान खाली घातलेला केला. तितूरभाऊ, "किती करावं" याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. भोक पाडणं आणि जाड पुठ्ठा कापणं माझं. काय करायचं, केवढं, कुठल्या रंगाचं, ते त्यांचं.

चार वयांसाठी खेळाचं रात्री सविस्तर लिहिते.

दाभण

खळीचं सांगतो. फेविकॉल फक्त चाकांना आणि आसाला ठेवा, बाकी कागद चिकटवायला मैद्याची खळ. एक वाटी मैदा, आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरवा. गार झाल्यावर वापरा. खळीला झुरळं येतात, त्यासाठी वह्या बांधणारे चिमूटभर मोरचूद टाकतात, तेही करता येईल.

पपईचा_मळा (शहादा)

दाभणभाऊ, मोरचूद कृपा करून नको. ते विष आहे. बाइंडिंगवाला जाणता माणूस, तो हात धुतो. मुलं खळीचं बोट चाटतात. शिवाय निळं खडीसाखरेसारखं दिसतं, पुडी घरात राहिली की मुलांच्या हाती लागायची भीती. खळ रोजची रोज करा, उरली तर झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

दाभण

मान्य ताई. आमच्या घरी लहान मूल नाही, ध्यानात आलं नाही. माझी वरची ओळ कुणी वापरू नका. खळीत मोरचूद घालायचं नाही.

दाभणाचं मात्र लिहितो. पोती शिवायचं दाभण भोकं पाडायला फार चांगलं. खाली जुन्या चपलेचा तुकडा ठेवायचा, म्हणजे टोक फरशीवर आपटून घसरत नाही.

मेथीचे_दाणे (एरंडोल)

माझी आजी 78 वर्षांची आहे. तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, किडे लागू नयेत म्हणून मेथी. पूर्वी आमच्याकडे कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या, आजीने लग्नानंतर कितीतरी केल्या. रद्दी तीन-चार दिवस भिजवायची, पाणी बदलत राहायचं, मग पाट्यावर किंवा खलबत्त्यात कुटायची. वेगळी भिजवलेली मेथी वाटून त्यात मळायची. मेथीचा बुळबुळीतपणा कागद धरून ठेवतो आणि कडवटपणामुळे किडा जात नाही. घमेलं किंवा पातेलं पालथं घालून, त्यावर ओलं फडकं टाकून, लगदा थापायचा. उन्हात दोन दिवसांत खडखडीत. आतून बाहेरून पिवळी माती किंवा रंग.

आजीचं म्हणणं, पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर हाच लगदा थापा, मग पाहा बैल कसा होतो. पोळ्याला आम्ही तसं केलं. पुठ्ठ्याचे दोन सारखे बैल कापले, मधे खोक्याचे ठोकळे घालून जाडी आणली, वर लगदा. शिंगांना काड्या. माझा चुलतभाऊ सहा वर्षांचा, त्याने वशिंड एवढं मोठं केलं की बैल मागे कलंडायला लागला. मी दुरुस्त करायला गेले, तर आजीने माझा हात धरला. म्हणाली, "पोरेसले करू द्या." तो बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने पुढच्या पायांमध्ये दगड चिकटवला. बैल उभा राहिला. तो दगड अजून आहे.

आडवा_हात (भुसावळ)

पीजेचं वाचून राहवलं नाही. रेल्वेत नोकरी झाली, आता निवृत्त. तितूरभाऊ, खोक्याच्या गाडीला सिग्नल नाही हे चालायचं नाही. लांब पुठ्ठ्याची नळी घ्या, कापडाच्या दुकानात ज्यावर तागा गुंडाळलेला असतो ती. दुकानदाराला मागितली की मिळते. वर पुठ्ठ्याची पट्टी एका खिळ्यावर हलती ठेवा, पट्टीच्या पुढच्या टोकाला सुतळी बांधून खाली आणा. शेपटाकडे थोडं जास्त वजन आणि पट्टी आडवी झाली की शेपूट अडेल असा खाली एक खिळा, म्हणजे सुतळी सोडली की हात आपोआप आडवा होतो. आडवा हात म्हणजे थांबा. सुतळी तुटली तर गाडी थांबली पाहिजे, चालू राहता कामा नये. हे मुलांना नीट समजावून सांगा. माझा नातू दहा वर्षांचा, त्याने विचारलं, "दोन गाड्या समोरासमोर आल्या तर?" तिथून दुपारभर आमची दोन स्टेशनं आणि एक टोकन, असा खेळ चालला. टोकन ज्याच्या हाती त्याचीच गाडी निघणार.

दुसरं, कटरबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला कटर शिकवा. समोर बसून, लोखंडी पट्टी धरून, पातं एकच खाच बाहेर. न शिकवता लपवून ठेवलं की मुलं चोरून घेतात, आणि तेव्हा लागतं.

पांझरा (धुळे)

काका, तुमच्या बोलण्याचा मान ठेवून मी वेगळं सांगते. माझ्या मुलाला दहाव्या वर्षी कटर दिला होता, मी शेजारी बसलेली. दाराची बेल वाजली म्हणून मान वळवली तेवढ्यात पट्टी सरकली. डाव्या अंगठ्याला तीन टाके. त्याने पुढे वर्षभर पुठ्ठ्याला हात लावला नाही, त्याचं मला टाक्यांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता आम्ही हॅक्सॉचं जुनं पातं वापरतो. एका टोकाला कापड गुंडाळून वर चिकटपट्टीची मूठ केली आहे. करवतीसारखं पुढेमागे करायचं. वेळ लागतो, कड जरा खरबरीत येते, पण घसरून एकदम खोल जात नाही. लहानांना फक्त कात्री आणि पातळ पुठ्ठा, साबणाच्या वड्यांचा, शर्टाच्या खोक्यातला. जाड पुठ्ठा मोठ्यांनी.

आडवा_हात (भुसावळ)

ताई, तुमचं बरोबर आहे, समोर बसणं म्हणजे उठायचं नाही, फोन नाही, दार नाही. ते मी लिहायला हवं होतं. हॅक्सॉच्या पात्याची युक्ती आज नातवाला करून देतो.

पपईचा_मळा (शहादा)

कबूल केलेलं लिहिते. चार वयांसाठी अष्टा-चंगा. पुठ्ठ्यावर पाच बाय पाचची 25 घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुल्या. चिंचोके फोडून चार डाळी घ्या, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढऱ्या जितक्या वर, तितकी घरं. चारही पांढऱ्या म्हणजे चंगा, चार. चारही काळ्या म्हणजे अष्टा, आठ. या दोन्हींवर पुन्हा डाव. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आपल्या बाजूच्या फुलीपासून निघायचं, बाहेरची 16 घरं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, मग आतली 8 घरं काट्यांच्या दिशेने, मग मधलं घर. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही. आमच्याकडे एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाऊ देत नाहीत. गावागावांत नियम थोडे वेगळे आहेत, मुलांनी आजीला विचारून आपल्या घरचा नियम पटाच्या मागे लिहावा.

पाच वर्षांचं मूल डाळी टाकतं आणि मोजतं. नऊ वर्षांचं मूल कुठली सोंगटी हलवायची याचा विचार करतं. दोघांना एकाच पटावर बसता येतं, ही या खेळाची खरी गंमत. वर्गात पहिली-दुसरीची मुलं बेरीज यातूनच पक्की करतात, चंगा पडून पुन्हा तीन पडले की ती स्वतःच सात घरं पुढे जातात.

सोंगट्या प्रत्येकाने आपल्या बनवायच्या. माझ्या वर्गात सध्या ससे, ट्रॅक्टर, मिरच्या आणि एक पूर्ण कुटुंब आहे, आई-बाप-आजी-बाळ. बाळ मारलं गेलं की त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून ती बाळ सगळ्यात शेवटी काढते. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचा डाव त्यामुळे सुधारलाय.

थप्पी (जळगाव)

ताई, पटासाठी एक सूचना. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद चिकटवला की वाळताना तो ओढला जाऊन पट पापडासारखा वाकतो. मागच्या बाजूलाही तेवढाच कागद त्याच वेळी चिकटवा. आपल्या मे महिन्यात वरचा थर भराभर वाळतो, त्यामुळे हे फार होतं. आणि वाळत घालताना कूलरसमोर अजिबात नको. कूलरची हवा दमट, पुठ्ठा लिबलिबीत होतो. पंख्याखाली, वर पाटा ठेवून.

आडवा_हात (भुसावळ)

उन्हाचा उपयोग करायचा असेल तर छायाघड्याळ करा. आपल्या भागासाठी त्रिकोणाचा कोन 21 अंश, कारण जळगाव-भुसावळ साधारण 21 अंश अक्षांशावर आहेत. कोनमापक नसेल तर पाया 20 सेंटिमीटर आणि काटकोनातली उंची 7.7 सेंटिमीटर घ्या, कोन बरोबर येतो. फाइव्ह प्लायचा पुठ्ठा, म्हणजे वाकणार नाही. तो त्रिकोण सपाट पुठ्ठ्यावर उभा करा, उंच टोक उत्तरेला. सकाळी सहापासून दर तासाला मुलांनी सावलीच्या कडेवर रेघ मारायची. एवढ्या सकाळी चौघं उठतील ते फक्त यासाठी.

उत्तर होकायंत्राशिवाय सापडते. गच्चीवर एक काठी उभी करा, सकाळी नऊला तिच्या सावलीच्या टोकावर खूण करा, काठीला मध्य धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा. दुपारनंतर सावलीचं टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधून काठीकडे येणारी रेघ उत्तर-दक्षिण.

नातवाने पकडलेली गोष्ट अशी: सूर्य डोक्यावर आला तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून चोवीस-पंचवीस मिनिटं झाली होती. मला वाटलं आपला त्रिकोण चुकला. चुकला नव्हता. भारताची घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली, आपण त्याच्या पश्चिमेला, जवळजवळ पावणेसात अंश. एका अंशाला चार मिनिटं. बाकीची थोडी मिनिटं पृथ्वीच्या फिरण्यामुळे महिन्यागणिक कमीजास्त होतात. आणि 25 मेच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारी उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. तिथून 18 जुलैच्या आसपासपर्यंत दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, पुण्या-मुंबईकडे हे दिवस वेगळे येतात. पावसाळी ढग येण्याआधी मुलांना ती बघायला मिळू द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, फक्त सावली.

गिरणा_पूर

मी वाचक, पहिल्यांदाच लिहितोय. चाळीसगावकरांना एक आठवण द्यावीशी वाटते. तुमच्या गावातले केकी मूस जगाला माहीत आहेत ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली आणि टिपली. त्यांचं कलादालन तुमच्याच गावात आहे. मुलांना घेऊन जा. आणि घरी आल्यावर एका खोक्याची पुढची बाजू कापून आत रंगमंच करा. वाळू, कापूस, माती, काड्या. टॉर्च कडेने धरला की सावल्या लांब होतात, समोरून धरला की चित्र सपाट होतं. फोनने फोटो काढा. माझ्या मुलाचा फोनशी संबंध या एका खेळाने बदलला, आधी तो फक्त बघत बसायचा.

पांझरा (धुळे)

मुलं एखादी गोष्ट अर्धी टाकून उठतात तेव्हा तुम्ही काय करता? माझा मुलगा पाणचक्की अर्धी सोडून महिनाभर बघतही नाही. मला ती फेकवत नाही, पूर्णही करवत नाही.

मेथीचे_दाणे (एरंडोल)

ताई, आमच्याकडे एक टोपलं ठेवलंय, "अर्धं काम" लिहिलेलं. कुणी हात लावायचा नाही, मोठ्यांनी तर मुळीच नाही. कधी तरी पाणचक्कीची पाती भलत्याच विमानाला लागतात. आजीच्या शिलाईच्या डब्यातही असंच असायचं, एका झबल्याच्या बाह्या दुसऱ्याला.

तितूरकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण दहा दिवस घरात कारखाना होता.

कपाटावरची पीजे खाली काढली आणि मुलांना सांगितलं, ही आता तुमची, उघडा, तोडा, काहीही करा. थोरल्या भाच्याने आधी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग त्याने एक डबा उलटा करून चाकं काढली. थप्पीभाऊंच्या सांगण्याप्रमाणे तीन-तीन चकत्यांची नवी चाकं झाली, मधली चकती आडवी. चकत्या मी कापल्या, चिकटवल्या त्यांनी. पपईचा देठ इथे मिळाला नाही, स्ट्रॉ वापरली. डबा आता सरळ चालतो. त्याचं छप्पर मात्र गेलं, कारण सहा वर्षांच्या धाकटीला त्यात बाहुली झोपवायची होती. मी चार रात्री रंगवलेल्या खिडक्या तिने कागद लावून बुजवल्या, बाहुलीला ऊन लागतं म्हणून. मी गप्प बसलो. सोपं नव्हतं.

सिग्नल झाला. सुतळी सुटली की हात आडवा होतो. धाकट्या भाच्याला ते इतकं आवडलं की जेवायला हाक मारली तरी तो आधी सिग्नल पाडायचा आणि मगच पोरं ताटावर यायची.

अष्टा-चंगाचा पट दोन्ही बाजूंनी कागद लावून केला, वाकला नाही. आमच्या आईने नियम सांगितले. तिच्या माहेरी फुलीवर दोघं बसू शकत नाहीत, आमच्याकडे बसू शकतात. बहिणीने तिच्या सासरचा तिसरा नियम सांगितला. शेवटी थोरलीने मागे तीनही लिहिले आणि दर डावाआधी कुठला ते ठरवायचं, असं केलं. आई पन्नास वर्षांनी हा खेळ खेळली. रोज चारला तीच हाक मारायची, "चला रे, डाळी टाका."

छायाघड्याळ अजून गच्चीवर आहे. सकाळी सहाची रेघ दोनच दिवस जमली.

काल बहीण गेली. भाच्यांच्या पिशवीत सगळं मावेना. थोरल्याने फक्त चार चाकं आणि स्ट्रॉ घेतली. म्हणाला, "मामा, गाडी तिथं करू, खोकं तिथं पण मिळतं." धाकट्याने सिग्नलचा हात मागितला, खांब नको म्हणाला. तो काढून दिला. आता ओसरीत नुसता खांब उभा आहे, थोरली म्हणते त्याला पवनचक्की लावायची, त्यासाठी जाड पुठ्ठा पाहिजे आणि कूलरचं खोकं मोडायचं नाही.

सावदाभाऊ, दहाएक दबलेली खोकी बाजूला ठेवता येतील का? रविवारी भुसावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने येतो. दोघी मुली सोबत असतील.

सावद्याची_केळी

ठेवली. बारा आहेत. बांधायला सुतळी घेऊन या, आणि सकाळीच या भाऊ, दुपारी मुलींना ऊन लागेल. जेवायला आमच्याकडेच.